दाताचा डॉक्टर आणि कोपरावरचे चट्टे

आज दादाला दात दाखवायला नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला नेलं, तर डॉक्टर मॅडमनी आधी त्याच्या कोपरांवरचे सोरायसिसचे (त्वचेच्या दाहाचा आजार) चट्टे बघितले! सोरायसिस आणि पेरिओडोन्टायटिस हा हिरड्यांचा आजार, दोन्हींत आयएल-१७, टीएनएफ हेच दाह वाढवणारे रेणू सापडतात म्हणे. सोरायसिसवाल्यांत हिरड्यांचा आजार जास्त दिसतो, हे बऱ्याच अभ्यासांत आलंय.

"मग हिरड्या साफ केल्या की चट्टे जातील?" दादाने विचारलंच. मॅडम म्हणाल्या, काहींना थोडा फरक पडतो, पण पुरावा अजून तोकडा आहे. त्वचेची औषधं थांबवायची नाहीत. हे सरळ उत्तर मला फार आवडलं. (आमच्या पंचवटीत तर प्रत्येकाकडे सोरायसिसवर रामबाण उपाय असतो.)

खोल स्केलिंग (हिरड्यांखालची सफाई) पुढच्या आठवड्यात. सिगारेट दोन्ही आजार वाढवते, म्हणून ती आजपासून बंद. दादा वैतागलाय, वहिनी मात्र जाम खूश.