दुभाष्याची दुरुस्ती

मानवी हक्क आणि न्याय या विषयावर दिवसभर जाहीर व्याख्याने होती आणि त्यांचा समांतर अनुवाद, म्हणजे वक्ता बोलत असतानाच तोंडी अनुवाद, करण्याचे काम माझ्याकडे व एका सहकाऱ्याकडे होते. सभागृहाच्या मागच्या भिंतीलगत काचेचा कक्ष, आत दोन खुर्च्या, दोन माइक आणि टिपणांचे कागद, एवढाच आमचा संसार. या कामात दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाळी बदलावी लागते, कारण त्यानंतर कान ऐकत राहतात, पण शब्द निसटू लागतात. एक जण बोलत असतो तेव्हा दुसरा सन, आकडे आणि विशेषनामे भराभर लिहून त्याच्यापुढे सरकवतो.

सकाळचे एक व्याख्यान युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या १९७८ च्या निकालावर होते. आयर्लंडने ब्रिटनविरुद्ध नेलेला तो दावा. उत्तर आयर्लंडमधील स्थानबद्धांना भिंतीशी ताटकळत उभे करणे, डोक्यावर पिशवी चढवणे, सतत कर्कश आवाज ऐकवणे, झोपू न देणे आणि अन्नपाण्यात कपात करणे, या पाच पद्धतींचा एकत्रित वापर न्यायालयाने ‘अमानुष आणि मानहानिकारक वागणूक’ ठरवला. ‘छळ’ मात्र म्हटले नाही. रोजच्या मराठीत हे सगळे छळच, त्यामुळे ते वाक्य बोलताना जीभ अडखळली. तरीही वक्त्याचा सारा युक्तिवाद त्या दोन शब्दांमधल्या अंतरावरच उभा होता, आणि ते अंतर बुजवण्याचा अधिकार दुभाष्याला नसतो.

दुपारी एका गृहस्थांनी स्वतःची हकिकत सांगितली. भाषा येत नसलेल्या प्रदेशात त्यांना अटक झाली होती आणि खटला उभा राहण्यापूर्वीच त्यांची दोन वर्षे कच्चा कैदी म्हणून गेली होती. आरोपीला न्यायालयाची भाषा समजत नसेल तर त्याला दुभाष्याची मदत विनामूल्य मिळाली पाहिजे, असे नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे चौदावे कलम सांगते. दुभाषी त्यांनाही मिळाला होता. घोटाळा झाला तो त्यापुढे. जबाब वाचून दाखवला जात असताना ते प्रत्येक वाक्यावर ‘हं’ म्हणत गेले. त्यांच्या बोलीत तो नुसता हुंकार होता, आपण गोष्ट ऐकताना देतो तसा: ऐकतो आहे, पुढे बोला. दुभाष्याने मात्र प्रत्येक वेळी ‘हो, बरोबर आहे’ असे सांगितले, आणि हुंकारांना हुंकार जोडून कबुली तयार झाली. हे त्यांना फार उशिरा, वकिलांकडून कळले.

वक्ता ‘मला अटक झाली’ म्हणाला की दुभाष्यानेही ‘मला अटक झाली’ असेच म्हणायचे, हा आमच्या कामाचा नियम आहे. त्यामुळे तो ‘हं’ मी माझाच असल्यासारखा सांगितला होता.

मग प्रश्नोत्तरे सुरू झाली. श्रोत्यांतल्या एका बाईंनी विचारले, “कोठडीत तुम्हाला मारहाण झाली का?” ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, “हं.”

माझ्या तोंडून “हो” निघून गेले.

त्यांचे उत्तर त्यानंतर सुरू झाले: अंगाला कोणी हात लावला नाही, पण चार रात्री डोळ्याला डोळा लागू दिला नाही. १९४५ साली नाझी नेत्यांवरच्या न्युरेंबर्गच्या खटल्यात चार भाषांत समांतर अनुवाद झाला, तेव्हा वक्त्याला सावकाश बोलण्याची खूण म्हणून पिवळा दिवा आणि थांबण्यासाठी तांबडा दिवा होता. माझ्यापाशी असा दिवा नव्हता. मी म्हणाले, “दुभाष्याची दुरुस्ती: वक्त्यांनी ‘हो’ म्हटलेले नाही, प्रश्न ऐकल्याची केवळ खूण केली आहे.” अशा वेळी आम्ही स्वतःला ‘मी’ म्हणत नाही, कारण तो शब्द वक्त्याने व्यापलेला असतो. या दुरुस्तीच्या गडबडीत त्यांचे पुढचे वाक्य माझ्या हातून गेलेच असते; सहकाऱ्याने ‘४ रात्री’ असे लिहून त्यावर पेन्सिल आपटली, म्हणून ते सापडले.

एवढ्यात मला दिसले, की पहिल्या रांगेत इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंचे हेडफोन गळ्यात आहेत. दुरुस्ती त्यांनी ऐकली असेल का, याची खात्री नव्हती. मध्यंतर होताच मी त्यांना गाठले. वहीत ‘मारहाण: होय’ असे लिहून खाली रेघ मारलेली होती. त्यांनी ते खोडून ‘मारहाण नाही, चार रात्री झोपू दिले नाही’ असे लिहिले. सकाळचा निकाल ऐकलेल्या कोणालाही या दोन ओळी वेगवेगळ्या कप्प्यांत पडतात हे लगेच समजले असते.

वक्ते बाहेर एकटेच उभे होते. मी त्यांना त्यांच्या बोलीत सगळे सांगितले आणि माफी मागितली. त्यांनी विचारले, “चूक सुधारायला तुम्हाला किती वेळ लागला?”

“सात-आठ सेकंद असतील.”

“हं,” ते म्हणाले.