फूड, गुड, ब्लड

आठवीतला हा मुलगा इंग्रजीच्या तासाला नेहमी सगळ्यात आधी हात वर करतो. त्या सकाळी मान खाली घालून बसला होता. आदल्या दिवशी ठाण्यात पाठांतर स्पर्धा झाली. तिथे त्याने 'ब्लड'ला 'ब्लुड' म्हटलं, परीक्षकांनी मध्येच थांबवून सुधारलं आणि सभागृह हसलं.

"बाई, 'गुड'मध्ये दोन ओ, 'ब्लड'मध्येपण दोन ओ. कवितेत यमक होतं, म्हणून मी जुळवलं."

कळव्यातल्या आमच्या मराठी शाळेतली ही मुलं आरत्या, अभंग, बडबडगीतं ऐकत वाढलेली. यमक दिसतं तसंच ऐकू यायला हवं, हे त्यांच्या कानात पक्कं बसलेलं असतं. त्याचा कान बरोबरच सांगत होता. मी धडा बाजूला ठेवला आणि फूड, गुड, ब्लड हे तीन शब्द फळ्यावर लिहिले.

सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात या तिन्हींचा स्वर एकच होता, लांबवलेला 'ओ'. म्हणजे साधारण फोड, गोड, ब्लोड. 'गोड' ऐकून वर्गात खसखस पिकली. मग सगळ्यांना 'ओ' म्हणता म्हणता जीभ वर न्यायला लावली. 'ऊ' झाला! इंग्रजीचे सगळेच दीर्घ स्वर सुमारे १४०० ते १७०० या काळात असे जागचे हलले. ही सरकासरक चालू असतानाच, १४७६ साली, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईमुळे स्पेलिंगं हळूहळू ठरत गेली, जिभा मात्र थांबल्या नाहीत.

पुढची गोष्ट मला फार आवडते. 'ब्लूड'चा स्वर लवकर आखूड झाला, 'ब्लुड' झाला. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडात अशा बहुतेक ऱ्हस्व 'उ'चा 'अ'सारखा उच्चार होऊ लागला, त्यात तो सापडला. 'गुड' उशिरा आखूड झाला, म्हणून वाचला. 'फूड' लांबच राहिला.

"आणि उत्तर इंग्लंडात हा बदल झालाच नाही. मँचेस्टर, लीड्सकडची कितीतरी माणसं आजही 'ब्लुड'च म्हणतात."

त्याने मान वर केली. "मग ती इथे स्पर्धेला आली, तर त्यांचेपण मार्क कापणार?"

"कापू नयेत," मी म्हटलं. स्पर्धेपुरतं 'ब्लड' म्हण, हेही सांगितलं. परीक्षकांनी उच्चार सांगायलाच हवा होता, पण कविता संपल्यावर, शेजारी बोलावून. तेराचौदा वर्षांचं पोर एकदा चारचौघांत हसू झालं की इंग्रजीत तोंड उघडेनासं होतं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

उरलेला तास मुलांनीच घेतला. फळ्यावर तीन रांगा केल्या. मून, स्कूल 'फूड'खाली गेले. बुक, फूट, वूल 'गुड'खाली. वूल लांब ओढायचं नाही, ओठ सैल सोडायचे, हे त्यानेच सगळ्यांना करून दाखवलं. 'ब्लड'खाली एकटा फ्लड. 'डोअर' कुठेच बसेना. शेजारी 'र' आला की इंग्रजी स्वराचं काय होतं, ते आता सोमवारच्या तासाला.