तुम्ही विचारलंत म्हणून: ती वही मी छापत का नाही

वही सापडली हे सांगितल्यापासून जो तो हेच विचारतोय, दहाव्या वर्षी लिहिलेल्या गोष्टी आहेत, मग जरा हात फिरवून छापत का नाहीस? दर वेळी "बघू" म्हणून मी विषय बदलते. आज एकदाच नीट सांगते.

हात फिरवून झालाय. वही मिळाली त्याच आठवड्यात मी अकराच्या अकरा गोष्टी टाइप केल्या, ऱ्हस्वदीर्घ सुधारले, "आणि मग आणि मग" काढलं, आणि खरं सांगते, छान वाटत होतं, त्या मुलीला आपण मदत करतोय असं.

नववी गोष्ट ढगात राहायला गेलेल्या मुलीची. ती गेल्यावर वहीत लिहिलंय, "आईच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले." अख्ख्या पानावर हे एकच वाक्य शुद्ध, आणि त्याच्या वरची ओळ गिरगटून खोडलेली. शेजारी लाल पेनात बाईंचा शेरा, "आई रडणार नाही का?" लहानपणी मी बॉलपेन इतकं दाबायचे की अक्षरं पानाच्या मागे उठायची, म्हणून पान उलटलं आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने आडवा धरला. उलटी अक्षरं, त्यांच्यावर खोडल्याच्या रेघा, चांगली वीस मिनिटं गेली.

"आई रडली नाहि. तीने घासलेली भांडी परत घासली."

हे मी लिहिलं होतं हे आठवत नव्हतं, अजूनही आठवत नाही. गोष्ट दाखवायला किती हौसेने गेले होते ते मात्र आठवलं. पुढच्या दोन्ही गोष्टींत सगळे रडतात आणि शेवटी सुधारतात, मग वही कोरी.

बाईंचा प्रचंड राग आला. आणि मग लॅपटॉपवर नजर गेली, तिथे मी "घळाघळा" काढून "आईचे डोळे भरून आले" करून ठेवलं होतं. म्हणजे बाईंची गरजच नव्हती, मी होतेच की.

मग चुकांसकट छाप, असंही कुणी म्हणालं. तसं झालंय, इंग्लंडमधल्या डेझी अ‍ॅशफर्डने १८९० मध्ये, नऊ वर्षांची असताना लिहिलेली कादंबरी १९१९ मध्ये स्पेलिंगच्या चुकांसकट छापली गेली आणि खूप खपली. पण माझ्या वहीत मुलीची चूक कुठली आणि घाबरून केलेली दुरुस्ती कुठली, हे दर ओळीला मी कसं ठरवू? पुढे इंग्रजी साहित्यात गाजलेल्या ब्राँटे भावंडांनी लहानपणी खेळण्यातल्या लाकडी सैनिकांच्या मापाच्या चिमुकल्या वह्या केल्या होत्या, अक्षर इतकं बारीक की मोठ्यांना धड वाचता येऊ नये. मला हे तेव्हा सुचायला हवं होतं.

कंटाळा आला म्हणून लिहिणं सोडलं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. आता ते म्हणवत नाही. सगळं एका शेऱ्यावर ढकलणंही पटत नाही, बाईंनी प्रश्नच तर विचारला होता, "नाही रडणार" असं म्हणता आलं असतं. पण दहाव्या वर्षी?

फाइल डिलीट केलीये. ती ओळ पेन्सिलने परत वर लिहावी असं रोज वाटतं, पेन्सिलही घेते, आणि "नाहि" तसंच ठेवायचं का, इथे हात थांबतो.