थांबलेले दूध, थांबलेले रक्त

एम. टेक.च्या प्रकल्पासाठी त्वचेतील सूक्ष्म रक्तप्रवाह मोजणारी मांडणी मी स्वतः उभी केली. सामान मोजकेच होते: ७८५ नॅनोमीटरचा लेझर डायोड, किरण पसरवणारी काच, कृष्णधवल कॅमेरा आणि संगणक. तत्त्वही ऐकायला सोपे आहे. लेझरचा प्रकाश त्वचेवर पडला की परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि कॅमेऱ्यावर रव्यासारखी दाणेदार नक्षी उमटते; तिला स्पेकल म्हणतात. त्वचेखालच्या रक्तपेशी वाहत असतील तर ही नक्षी सतत बदलते आणि काही मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये पुसट होते, म्हणून जिथे प्रवाह वेगवान तिथे कॉन्ट्रास्ट, म्हणजे नक्षीतील उजळ-गडद फरक, कमी. फर्चर आणि ब्रायर्स यांनी १९८१ मध्ये डोळ्याच्या पडद्यावरील रक्तप्रवाहासाठी ही पद्धत मांडली, तेव्हा चित्रे फिल्मवर घेतली जात.

माझे पहिले दोन आठवडे मात्र पांढऱ्या कागदावरच गेले. कागद हलत नसल्याने त्याचा कॉन्ट्रास्ट भरपूर यायला हवा होता, पण ७ × ७ पिक्सेलच्या चौकटीतील प्रमाण विचलनाला सरासरीने भागल्यावर आकडा जेमतेम ०.१५ येई. मी लेझरवर संशय घेतला, त्याचा करंट आणि तापमान तपासत बसलो. मार्गदर्शक सरांनी एवढेच विचारले, "लेन्स किती उघडी ठेवली आहेस?" अधिक प्रकाश मिळावा म्हणून मी ती एफ/१.४ वर ठेवली होती. स्पेकलच्या दाण्याचा आकार लेन्सच्या छिद्रावर ठरतो. छिद्र मोठे तर दाणा लहान. माझे दाणे सुमारे ३ मायक्रॉनचे होते आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल ५.५ मायक्रॉनचा, त्यामुळे एकाच पिक्सेलमध्ये अनेक दाणे मिसळून जात होते. छिद्र लहान करून एफ/८ वर आणल्यावर दाणा तीन पिक्सेलांएवढा झाला आणि कॉन्ट्रास्ट सुधारला, पण प्रकाश सुमारे बत्तीस पटींनी घटला आणि लेझरची शक्ती व सुरक्षेचे गणित नव्याने करावे लागले.

त्यानंतर पाणी घातलेले दूध बारीक नळीतून सिरिंज पंपाने सोडले. वेग वाढवला की कॉन्ट्रास्ट उतरे, हे पाहून फार बरे वाटले. पंप बंद केल्यावर मात्र आकडा कागदाच्या जवळपासही परतेना. नळी गळते आहे असे समजून मी ती दोनदा बदलली, आणि मग लक्षात आले की दूध वाहायचे थांबले तरी त्यातील स्निग्धकण ब्राउनियन गतीने, म्हणजे द्रवातील रेणूंच्या धक्क्यांनी, थरथरतच असतात. कॅमेऱ्याला हालचाल कळते. ती प्रवाहाची की नुसत्या थरथरीची, हे तो सांगत नाही.

नैतिकता समितीची परवानगी मिळेपर्यंत उन्हाळा सरला. शेवटी दंडावर रक्तदाबाची पट्टी बांधून ती २०० मिमी पाऱ्यापर्यंत फुगवली आणि तीन मिनिटे माझ्याच हाताची चित्रे घेतली. कॉन्ट्रास्टवरून प्रवाहाचा निर्देशांक काढून (कॉन्ट्रास्ट कमी तर निर्देशांक जास्त) त्याचा रंगीत नकाशा केला, त्यात लाल म्हणजे जास्त प्रवाह. पहिल्या खेपेस बोट किंचित हलले आणि नकाशात सगळा पंजा लालभडक दिसला. पुढच्या वेळी हात वाळूच्या पिशव्यांत रुतवून ठेवला. पट्टी फुगताच निर्देशांक कोसळला, सोडताच मूळ पातळीच्या वर उसळला आणि हळूहळू खाली आला. पण मधल्या तीन मिनिटांत, रक्तपुरवठा तुटलेला असतानाही, तो शून्यावर गेला नाही. याला जैविक शून्य म्हणतात हे मी वाचले होते, तरी दुधाची ती नळी हाताळली नसती तर पुन्हा गळतीच शोधत बसलो असतो.

हा अवशेष वजा करून स्वच्छ आलेख देण्याचा मोह झाला होता. परंतु रक्त वाहत असताना त्यातील थरथरीचा वाटा तेवढाच राहतो, असे मानायला माझ्याकडे आधार नव्हता. म्हणून प्रबंधात मूळ वक्र तसाच ठेवून त्याखाली जैविक शून्याची तुटक रेषा काढली आणि उभ्या अक्षावर मिलिमीटर प्रति सेकंद न लिहिता "सापेक्ष एकक" असे लिहिले.