धिंगरी मशरूमसाठी कुटार वाफवायचा ड्रम घरीच बनवला, त्याचा अनुभव

बऱ्याच जणी विचारतात की ताई, तुम्ही कुटारातल्या (मळणीनंतरच्या भुशातल्या) नको त्या बुरश्या मारायला फॉर्मेलिन न टाकता बेड, म्हणजे मशरूम उगवायच्या कुटाराच्या पिशव्या, कसे भरता, तर प्रत्येकीला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. लांब होईल पण यात अर्धवट सांगून उपयोग नाही, कारण ड्रम बनवणं सोपं आहे, त्यात नेमकं काय बघायचं ते जास्त महत्त्वाचं आहे.

आम्ही हिंगणघाटकडचे. घरची सोयाबीन, तूर, थोडा कापूस, त्यामुळे कुटाराला तोटा नाही. पावसाळा उतरला की धिंगरी सुरू करायची आणि फेब्रुवारीपर्यंत चालवायची, पुढे आमच्याकडचं ऊन या पिकाला झेपत नाही. सुरुवातीला ट्रेनिंगमध्ये शिकवलं तसंच करायचो, म्हणजे १०० लिटर पाण्यात १२५ मिली फॉर्मेलिन आणि ७-८ ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक), त्यात १६ ते १८ तास कुटार बुडवून ठेवायचं, मग निथळून बेड भरायचे. पद्धत चालते, त्यात खोट नाही, आजही कितीतरी लोक तसंच करतात. पण टाकीचं झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी, घशात जळजळ, आणि ते उरलेलं पाणी ओतायचं कुठे हा प्रश्न रोजचाच, सांदवाडीत ओतलं तर तिथेच कोंबड्या फिरतात. फॉर्मेलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइडचंच पाणी, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ पासून ते माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. हे वाचल्यावर मला त्या टाकीत हात घालवेना, आणि गटातल्या बायकांना घाला असं सांगवेना.

मग गरम पाण्याची पद्धत केली. मोठ्या गंजात पाणी तापवायचं, पोत्यात भरलेलं कुटार त्यात बुडवून ठेवायचं. कमी मालाला ठीक आहे. पण पाणी खूप लागतं, आणि ते निथळणारं गरम पोतं दोघींनी उचलून बाहेर काढणं म्हणजे पाय भाजायची भीती कायम, शिवाय खाली जे चहासारखं पाणी उरतं त्यात कुटारातलं सत्त्व निघून जातं. म्हणून ठरवलं की पाण्यात उकडायचं नाही, वाफ द्यायची.

ड्रम घेताना सगळ्यात जास्त वेळ घातला आणि तो घालायलाच पाहिजे. २०० लिटरचा लोखंडी ड्रम, वरचं झाकण पूर्ण निघणारं आणि रिंगने बसणारं. भंगारात केमिकलचे, औषधाचे ड्रम स्वस्त मिळतात, ते अजिबात घेऊ नका, कितीही धुतलं तरी भरवसा नाही आणि शेवटी हे खायचं पीक आहे. मी खाद्यतेलाचा घेतला, आत नाक घालून वास घेतला, मग सोड्याच्या गरम पाण्याने धुतला आणि आत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पेटवून कोरडा जाळून काढला.

रचना इडलीपात्रासारखी आहे. तळाला पाणी, वर जाळी, जाळीवर कुटार. जाळीला ८ इंच उंचीचे सळईचे पाय लावून घेतले, तळाशी ३० लिटर पाणी टाकलं की ते साडेचार-पाच इंच चढतं, म्हणजे उकळताना पाणी उसळलं तरी कुटाराला लागत नाही. हे अंतर कमी ठेवलं तर खालचा थर चिखल होतो. जाळीवर तागाचं पोतं अंथरायचं, नाहीतर सोयाबीनचं बारीक कुटार सगळं खाली गळतं. पाण्याच्या उंचीपेक्षा थोडा खाली एक छोटा नळ बसवला, मधूनमधून तो किंचित उघडला आणि पाणी आलं की समजायचं अजून आहे, वाफच आली तर पाणी टाकायची वेळ झाली. पाणी संपून ड्रम कोरडा तापला तर तळ जातो आणि कुटाराला धुराचा वास बसतो.

वेल्डिंगवाल्या भाऊंनी विचारलं, "वहिनी, झाकणाला रबर लावून पॅक करून देऊ का? वाफ बाहेर जाणार नाही." म्हटलं नाही भाऊ, उलट झाकणाला एक इंचाचं भोक पाडून द्या आणि त्याला झडप वगैरे काही नको. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. ड्रमचा पत्रा पातळ असतो, तो प्रेशर धरायला बनवलेलाच नाही. आपल्याला दाब नकोच आहे, नुसती वाफ फिरायला हवी. भोक कायम मोकळं आहे ना ते चूल पेटवायच्या आधी दरवेळी बघायचं.

आता तापमानाचं. पुस्तकांत, ट्रेनिंगमध्ये वेगवेगळे आकडे सांगतात पण बहुतेक ६० ते ८० डिग्रीच्या मधले असतात. मी ६५ ते ७५ धरते आणि तिथे पोचल्यावर दीड तास ठेवते. लोकांना वाटतं जास्त तापवलं तर जास्त चांगलं, तसं नाहीये. आपल्याला सगळे जीव मारायचे नाहीत. या तापमानाला बुरश्या, किडे, त्यांची अंडी, गवताचं बी हे मरतं, पण उष्णता सहन करणारे काही जिवाणू टिकून राहतात आणि ते नंतर कुटारात जागा अडवून ठेवतात, म्हणून बाहेरच्या हिरव्या बुरशीला, ट्रायकोडर्माला, लगेच शिरायला मिळत नाही तोवर आपली मशरूमची बुरशी पसरून जाते. सगळंच मारून टाकलं तर कुटार रिकामं शेत होतं, मग लॅबसारखी स्वच्छता लागते आणि ती आपल्या घरच्या खोलीत होत नाही.

आणि इथेच खरी गोम आहे. झाकणाच्या भोकातून भसाभसा वाफ यायला लागली की वाटतं झालं, आता इथून वेळ मोजू. पण मी थर्मामीटरची दोन टोकं आत सोडली होती, एक कडेला आणि एक बरोबर मधोमध, तर कडेला ८० आणि मधे ४५. वाफ मधून चढतच नव्हती! भिजलेलं कुटार मधे दबून बसतं आणि ड्रमच्या कडेने सैल राहतं, वाफेला वर जायला तिथून सोपं पडतं आणि ती सरळ भोकातून निघून जाते. मधलं कुटार नुसतं कोमट. ४५-५० ला बुरशी मरत तर नाहीच, काहींना तर ती ऊबच मानवते. ज्यांचे बेड वरून पांढरे छान दिसतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पोटातून हिरवे निघतात किंवा काळ्या शाईसारख्या विरघळणाऱ्या छत्र्या येतात, त्यांनी आधी स्पॉनवाल्याला, म्हणजे मशरूमचं बियाणं देणाऱ्याला, दोष द्यायच्या ऐवजी हे मधलं तापमान मोजून बघावं.

यावर उपाय म्हणून मधोमध दोन इंची लोखंडी पाईप उभा केला. खालचं तोंड जाळीतून खाली वाफेत उघडं, वरचं तोंड बंद, आणि अंगाला ८ एमएमची भोकं. खालच्या भागात भोकं कमी आणि वर जास्त, कारण खालच्या थराला जाळीतून वाफ मिळतच असते. पीव्हीसी पाईप घालू नका, तो ८० डिग्रीच्या आसपास मऊ पडतो आणि वाकतो. पाईप बसल्यावर मधला भाग कडेच्या बरोबरीने तापायला लागला, मग थंड कोपरा सापडला तो वरच्या कडेला, पत्र्यालगत, कारण तिथे बाहेरची हवा लागते, थंडीच्या दिवसांत तर जास्तच. त्यासाठी ड्रमच्या वरच्या अर्ध्या भागाला जुनी पोती दुहेरी गुंडाळून तारेने बांधली, झाकणावरही एक. खालच्या भागाला पोतं नको, चुलीचा जाळ लागतो, तिथे मातीचा लेप दिला. आता एक टोक त्या थंड कोपऱ्यात ठेवते आणि ते ६५ ला पोचलं की तिथून दीड तास.

जाळाचं आईंनी शिकवलं, म्हणजे सासूबाईंनी. पऱ्हाट्या आणि तुराट्या भरभर पेटतात आणि भरभर विझतात, त्यामुळे पाणी उकळेपर्यंत त्या वापरायच्या, आणि वाफ धरली की बाभळीची दोन जाड लाकडं सरकवायची, ती धग धरून ठेवतात. तापमान वर जायला लागलं की लाकूड अर्धं बाहेर ओढायचं, बस. गॅसवरही होतं, पण घरात जळण पडलेलं असताना सिलिंडर कशाला जाळायचा. पाणी उकळण्यापासून कोपऱ्यात ६५ यायला तासाभराच्या वर लागतो, थंडीत आणखी जास्त, तेव्हा हे काम सकाळी लवकरच काढायचं.

भिजवणं वाफेइतकंच महत्त्वाचं. कोरडं कुटार ड्रममध्ये घालून चालत नाही, वाफेने ते पुरेसं भिजत नाही. रात्रभर साध्या पाण्यात भिजवते, सकाळी बाजेवर पसरून निथळते. मूठभर घेऊन जोरात पिळायचं, बोटांच्या फटीत ओल दिसली आणि फार तर एखाददोन थेंब पडले तर बरोबर, धार लागली तर अजून निथळू द्या. ६५-७० टक्के ओलावा म्हणतात तो हाच. एका ड्रममध्ये साधारण १२ किलो कोरडं कुटार बसतं, भिजल्यावर त्याचं ४० किलोच्या जवळपास होतं. भरताना हाताने सैल भरायचं, पायाने किंवा काठीने दाबायचं नाही, दाबलं की पुन्हा वाफेची वाट बंद.

दीड तास झाला की जाळ ओढून घ्यायचा पण झाकण उघडायचं नाही. आणि आता एक बारीक गोष्ट सांगते जी मला कुणी सांगितली नव्हती. ड्रम थंड होताना आतली वाफ आकसते आणि बाहेरची हवा त्या भोकातून आत ओढली जाते, सोबत धूळ आणि बुरशीचे बीजाणू. जाळ पूर्ण काढला आणि वाफ यायची थांबली की मी त्या भोकात स्वच्छ कापसाचा सैल बोळा बसवते. हवा गाळून आत जाते. कापूस तर घरचाच. फक्त दुसऱ्या दिवशी चूल पेटवायच्या आधी तो बोळा आठवणीने काढायचा, म्हणून मी तो लाल दोऱ्याने झाकणाच्या कडीला बांधूनच ठेवलाय, येता-जाता दिसतो.

रात्रभर तसंच ठेवून सकाळी उघडते. हाताला कोमट लागलं तरी भरायला घ्यायचं नाही, २५-२८ डिग्रीला आलं पाहिजे, नाहीतर स्पॉन भाजतो आणि मग कितीही वाट बघा, धागा धरत नाही. भरायची खोली आदल्या दिवशी पुसलेली, पंखा बंद, दार लावलेलं, हात आणि टेबल स्पिरिटने पुसलेले. १८ बाय २४ इंचाच्या पिशव्या, थर-थर करून ओल्या वजनाच्या २-३ टक्के स्पॉन. पुढचं सगळं नेहमीसारखंच आहे, ते इथे परत लिहीत नाही.

सोयाबीनचं कुटार वापरणाऱ्यांना थोडं जपून सांगते. गव्हाच्या कुटारापेक्षा त्यात नत्र जास्त, म्हणून माल चांगला येतो पण त्याच कारणाने दुसऱ्या बुरश्यांनाही ते आवडतं, त्यामुळे तापमानात कसर राहिली तर सोयाबीनमध्ये लगेच दिसते आणि गव्हात निभावून जातं. ज्यांच्याकडे दोन्ही आहे त्यांनी ड्रम नवीन असताना आधी गव्हाचं करून हात बसवावा. भंडारा-गोंदियाकडे तणस, म्हणजे भाताचं काड, वापरतात, ती लांब असते, २-३ इंचाचे तुकडे करूनच ड्रममध्ये घाला.

खर्च म्हणाल तर ड्रम, जाळी, पाईप, वेल्डिंग आणि तारेच्या टोकाचे दोन डिजिटल थर्मामीटर धरून साडेतीन हजारांच्या आत झालं. हात आखडायचाच असेल तर रंगात, स्टँडमध्ये आखडा, थर्मामीटर मात्र दोन घ्याच, आणि वापरायच्या आधी उकळत्या पाण्यात धरून दोन्ही सारखं दाखवतात का ते बघा. किलोभर कोरड्या कुटाराला ६००-७०० ग्रॅम ताजं मशरूम आता नियमित निघतं, हिरवे पडून फेकायचे बेड क्वचित, आणि गटातल्या बायका हातमोजे-चष्म्याशिवाय, पोरं आजूबाजूला असताना हे काम करू शकतात, याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे.

एक गोष्ट अजून मनासारखी झालेली नाही. जाळीलगतचा चार-पाच बोटांचा थर ९० च्या वर जातोच, कारण वाफ तिथे ताजी लागते. सध्या तो थर मी वेगळा काढते, त्याच्या दोन-तीन पिशव्या वेगळ्या भरते आणि खोलीत बाकीच्यांपासून लांब टांगते, कारण हिरवं दिसलं तर बहुतेक त्यांच्यातच दिसतं. मोठ्या फार्मवर वाफेत हवा मिसळून ब्लोअरने फिरवतात म्हणून सगळीकडे तापमान सारखं राहतं. भाऊंना विचारलंय की जाळीच्या खाली बाजूने एक बारीक नळी काढून चुलीच्या हातपंख्याची हवा वाफेत सोडता येईल का, ते म्हणाले दिवाळीनंतर करून बघू. कुणी असं आधीच केलं असेल तर नळी पाण्याच्या किती वर ठेवली आणि हवा किती सोडली ते मला जरूर सांगा.