वाटी नंबर ३ का तडकली, ते सापडलं

घरी पितळेचा पत्रा ठोकून वाट्या करतोय. तिसरी तडकल्याचं गेल्या वेळी लिहिलं, तेव्हा निम्म्या वाचकांनी निदान केलं होतं, "ठोकताना घाई केलीस." नाही हो! वाटी मठारून (हातोडीने हलके ठोके देत गुळगुळीत, कडक करून), पुसून बाल्कनीतल्या पेटीत ठेवली होती. तीन आठवड्यांनी पाहिली तर काठापासून बोटभर सरळ चीर, कुठे पोचा नाही की पत्रा पातळ नाही. तांबा काट्यावरच्या, म्हणजे मुंबईच्या धातूबाजारातल्या, पत्र्याला उगाच शिव्या घातल्या.

ब्रिटिश आमदनीत इथल्या तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांची पितळी कवचं पावसाळ्यात अशीच आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि थंड ओढकामात (न तापवता पत्रा साच्यातून ओढून कवच घडवताना) पितळात कोंडलेला ताण, हे त्रिकूट १९२१ मध्ये उलगडलं. नाव सीझन क्रॅकिंग. पितळ थंडच ठोकून हवं तसं वळतं म्हणून तर आपण ते घेतो, आणि तोच ठोकलेपणा नडतो.

माझ्याकडे घोडा नाही, कबुतरं आहेत. त्यांना दोषी धरून अख्खा रविवार बाल्कनी घासली, जाळी लावली. मग आठवलं, त्याच पेटीत कल्हईच्या नवसागराची पुडी होती, ओलसर, सुटलेली. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड!

खात्री केली. त्याच २० गेजच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या चिमट्यासारख्या वाकवून तारेने बांधल्या. एक ओटीजीत २५० अंशांवर तासभर, दुसरी तशीच. दोन्ही बरणीत, तळाशी नवसागर, चुना, थोडं पाणी. (झाकण उघडून हुंगू नका, मी हुंगलं.) तिसऱ्या दिवशी कच्ची पट्टी वळणावर फाटलेली, भाजलेली नुसती काळवंडलेली. सोबत टाकलेला तांब्याचा तुकडा निळा पडला, पण शाबूत.

आनंद याचा की ताण काढायला वाटी गॅसच्या टॉर्चने तापवून लाल करावी लागत नाही. लाल केलं की मठारून आलेला कडकपणा जातो आणि वाटी बोटाने दबते. २५० ला ताण उतरतो, कडकपणा राहतो. महागडा टॉर्च घेऊन बसलोय, काम केलं नानकटाईच्या ओव्हनने.

वाटी ४ तांब्याची करणार होतो. आता पितळेचीच. आणि हे लिहितानाच सुचलं, काठात तार घालून वळवायचीय, तेव्हा भाजायची ती वळवून झाल्यावर, आधी नाही.

नवसागर बाथरूमच्या कपाटात हलवला होता. पण तिथले नळही आतून पितळेचेच. सध्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाखाली, गच्चीच्या जिन्यात आहे.