बोमाँटची डायरी: डिकीचा पत्रा बसला, काच अजून नाही

मंडळी, गेल्या खेपेला माझ्या जुन्या बोमाँट गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवरचा, म्हणजे डिकीच्या तळाचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचला आणि तो आरपार गेला, इथवर सांगितलं होतं. पुढचा अख्खा हिवाळा त्यातच गेला. इथे कॅनडात, ऑन्टारिओत बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात. अशी मिठाची वर्षं काढलेली गाडी वरून तुकतुकीत आणि खालून पापड. आधीच्या कुणीतरी बोटभर जाड लांबी (पत्र्यावर भरायची पुट्टी) फासून ठेवली होती. खरवडली तर परातभर निघाली!

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: गाडी १९६७ची बोमाँट कस्टम, दोन दारांची, ओशावाच्या कारखान्यातली. सांगाडा आणि इंजिन शेव्हरोलेच्या शेव्हेल गाडीचं, डॅशबोर्ड पाँटिअॅक टेम्पेस्टच्या वळणाचा, विकायचा पाँटिअॅकचाच डीलर, पण गाडीवर पाँटिअॅक हे नाव कुठंच नाही. तेव्हा अमेरिकेतून आलेल्या तयार गाडीवर कॅनडात १७.५ टक्के जकात होती. मग जनरल मोटर्सने (जीएम) शेव्हेललाच वेगळी जाळी, वेगळे दिवे लावून इथल्या इथे हे भावंड काढलं. कुर्ल्यात बनलेल्या फियाटमध्ये लहानपण गेलेल्या माणसाला हे गणित वेगळं समजवावं लागत नाही. १९६५च्या ऑटो पॅक्टनंतर, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या मोटारींच्या करारानंतर, सीमेवरची जकात गेली, आणि १९६९नंतर बोमाँटही गेली.

याचा आम्हाला होणारा त्रास असा की शेव्हेलचं जे जे आहे ते घरपोच मिळतं. डिकीचा नवा पत्रा शेव्हेलचाच मागवला, दोन ठिकाणी घासला आणि बसला. वेल्डिंग मीच केलं, त्यामुळे जवळून बघू नये. पण मागच्या दिव्यांच्या काचा फक्त बोमाँटच्या. दोन महिने शोधून उजवी मिळाली. खोकं उघडलं तर आत डावी. डावी माझ्याकडे होतीच, आता दोन आहेत.

दरम्यान जीएम कॅनडाकडून चासी नंबरावरून काढलेला गाडीचा जुना कागद आला. उघडताना हात थोडा थरथरला, खोटं कशाला बोलू. निघालं काय, तर २८३ घनइंची व्ही-८ इंजिन, १९५ अश्वशक्ती, दोन गिअरचं पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक. म्हणजे एसडी ३९६, मोठ्या ३९६ घनइंची इंजिनाची ताकदवान बोमाँट, ती ही नाही. तरी ३९६चे बिल्ले लाव, कोण बघतंय, असं दोघांनी सुचवलं. नाही लावणार. बनावट एसडी ३९६ रस्त्यावर आधीच भरपूर असतील. साधी, कागदाबरहुकूम २८३ कोण सांभाळणार?

रविवारी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावलं. डेल्को डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाला एक छोटी खिडकी असते. ती वर करून इंजिन चालू असतानाच अॅलन कीने पॉइंटचा स्क्रू फिरवायचा आणि ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहतात तो कोन, ३० अंशांवर आणायचा. ज्याने ही खिडकी काढली त्याच्या हाताला मी मनातल्या मनात नमस्कार केला. व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करायला पहिल्यांदा विसरलो, म्हणून अर्धा तास वाया. टायमिंग ४ अंशांवर आल्यावर मात्र तो आवाज आला. जाड, सावकाश, पोटातून येणारा. शेजारचे आजोबा काठी टेकत बाहेर आले आणि काही न बोलता उभे राहिले.

गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. गिअरचा दांडा स्टेअरिंगला, बाबांच्या फियाटसारखा, पण तिथे डाव्या हाताला आणि इथे उजव्या. तरी वळणावर माझा डावा हात दांडा शोधायला उठलाच, आणि इंडिकेटर लागला.

पुढचं काम ब्रेकचे ड्रम. आणि कुणाकडे १९६७ची उजवी काच पडून असेल तर कळवा; बदल्यात डावी देतो.